तीन दिवसांच्या गोळ्या

मी औषधं विकतो. भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर एक मेडिकल आहे. तिथं काउंटरमागे मी बावीस वर्षं उभा आहे. दुकान जिग्नेशभाईंचं, लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं. आमच्या बिल्डिंगमध्ये मला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर आवडायला लागलं होतं.

काउंटरच्या खणात एक कात्री असायची. गिऱ्हाईक यायचं, चिठ्ठी पुढं करायचं आणि म्हणायचं, “पूरा नहीं चाहिए, तीन दिन का दे दो.” डॉक्टरांनी सात दिवसांच्या लिहिलेल्या असायच्या. मी पाकीट कापायचो, सहा गोळ्या खाकी पुडीत टाकायचो. तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा आणि उरलेल्या गोळ्या न्यायला कुणी यायचं नाही. आमच्या लाइनीत असंच चालतं. मला वाटायचं, मी लोकांची सोय बघतोय.

तीच कात्री मी स्वतःसाठी अकरा वर्षं वापरली. त्यानं मला काय झालं आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, काय भोगावं लागलं ते लिहितोय. दुखणं अशा जागेचं आहे की आपल्यातले पुरुष तिचं नावही घेत नाहीत. ज्याला आत्ता तिथं गाठ लागतेय आणि जो कुणाला सांगत नाहीये, त्याच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. लाजायचं ते माझं लाजून झालंय.

नया नगरची लॅब

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सुनंदा तेव्हा एकतीसची. मीरा रोडला एका शाळेच्या ऑफिसात ती काम करते, अ‍ॅडमिशनचे फॉर्म तिच्याच टेबलावर येतात. दरवर्षी जूनमध्ये शे-दोनशे मुलांची नावं स्वतःच्या हातानं लिहून ती घरी यायची आणि काही बोलायची नाही.

तिच्या तपासण्या सुरू झाल्या. तिच्या डॉक्टरीणबाईंनी माझीही एक तपासणी लिहून दिली. भाईंदरच्या लॅबमधली सगळी पोरं आमच्या दुकानात चहा प्यायला येणारी, म्हणून मी मुद्दाम मीरा रोडला, नया नगरच्या एका लॅबमध्ये गेलो. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

रिपोर्ट मी जिन्यातच उघडला. वाचता येत होता, हीच पंचाईत. पस सेल्स, म्हणजे पुवातल्या पेशी, भरपूर. शुक्राणू होते, पण बहुतेक जागच्या जागी. हालचाल जवळजवळ नाही. मला लगेच कळलं की आत कुठला तरी संसर्ग आहे आणि त्यामुळे हे आहे. हेही कळलं की यावर दाखवायला हवं.

मी दाखवलं नाही. दुकानात आलो, वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं, पाच दिवसांचं कापलं. गोळीचं नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी तेच नाव घेऊन दुसऱ्या काउंटरवर जाईल. ठरवलं होतं की कोर्स झाला की पुन्हा तपासू, नॉर्मल येईल, आणि मग सांगायलाच नको. पुन्हा तपासायला मी कधी गेलोच नाही. सुनंदानं विचारलं तेव्हा म्हणालो, “माझं नॉर्मल आहे.”

तीन शब्द. रिपोर्ट दुकानातल्या एका जुन्या जाड औषधसूचीच्या पुस्तकात घडी करून ठेवला. फाडला का नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा खाली डाव्या बाजूला जड वाटायचं, कधी कणकण यायची. मी पाकीट कापायचो. तीन दिवस, पाच दिवस. बरं वाटायचं. आणि इकडे सुनंदाला इंजेक्शनं सुरू होती. तिचे हातपाय सुजायचे. पोटाला भोकं पाडून दुर्बिणीनं तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मिस्टरांचा रिपोर्ट? सुनंदा म्हणाली, त्यांचं नॉर्मल आहे. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

आम्ही बौद्ध. सकाळी कामाला निघायच्या आधी घरात दोघं मिळून वंदना म्हणतो. सुनंदाचे उच्चार स्वच्छ, म्हणून ती पुढं म्हणते आणि मी मागून. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. चौथं आलं की मी नुसते ओठ हलवायचो. आवाज निघायचा नाही. अकरा वर्षं तिला वाटत होतं की माझा घसा सकाळी बसलेला असतो. ती मला हळदीचं दूध द्यायची.

“तू राहू दे गं”

माझी मोठी बहीण, अक्का, तिनं मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. अक्काचा शब्द आमच्याकडे शेवटचा.

आठ वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या नातवाचं नामकरण होतं. बायका एकेक करून पाळण्याची दोरी धरत होत्या. सुनंदा पुढं झाली. अक्कानं तिचा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाली, “तू राहू दे गं, सुनंदा. मागं बस.” रागानं नाही म्हणाली. एखाद्या आजारी माणसाला सांगावं तसं, मऊ आवाजात.

मी पेढ्यांचं ताट धरून दाराशी उभा होतो. मला सगळं ऐकू आलं. मी पेढे वाटत राहिलो.

पू आहे, जंतू नाही

गेल्या वर्षी डाव्या अंडकोशात टणक गाठ आली. दुखत नव्हती, पण हाताला शेंगेसारखी लागायची. मग संध्याकाळचा ताप. मग पट्टा दोन भोकं आत गेला. आणि एके दिवशी त्या जागेची कातडी फुटून पू यायला लागला. दुकानामागच्या संडासात मी स्वतःच ड्रेसिंग करायचो. कापूस, पट्टी, मलम, सगळं हाताशी. आणि अर्थात गोळ्या.

पँटवरचा डाग सुनंदानं धुताना बघितला. तिनं शाळेत सुट्टी टाकली आणि दुसऱ्या दिवशी मला मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात नेऊन बसवलं. सर्जननी पू तपासायला दिला. तीन दिवसांनी त्यांच्या लॅबमधून निरोप आला की पेशंटला पाठवा.

सुनंदा बाहेर बाकावर बसली. आत जंतूंच्या डॉक्टर होत्या, देसाई मॅडम. माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. कागद बघत त्यांनी विचारलं, “तुम्ही काय करता?”

“मेडिकलमध्ये असतो. फार्मासिस्ट.”

“वा. मग मला सांगा, हा एवढा पू आहे आणि त्यात एकही जंतू उगवत नाही. असं कधी होतं?”

कॉलेजात तोंडी परीक्षेला विचारतात तसा प्रश्न. उत्तर मला येत होतं. “आधी कुणी औषध दिलेलं असलं की.”

“कुणी दिलं?”

“मीच.”

मॅडम ओरडल्या नाहीत. किती वेळा, कुठली, किती दिवस, एवढंच त्यांनी विचारलं आणि लिहून घेतलं. मग समजावलं. त्यांना टीबीचा संशय होता. टीबी फुफ्फुसातच होतो असं नाही, तिथंही होतो. मी घेत होतो ती गोळी टीबीलाही थोडीशी लागू पडते. “मारण्याइतकी नाही, गप्प बसवण्याइतकी,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं तुम्ही त्याला गप्प बसवत होतात. आता भीती ही की तो त्या गोळीला सरावला असेल. आणखी कशाला सरावलाय ते बघावं लागेल.”

दोन आठवडे एकही गोळी घ्यायची नाही, मग अ‍ॅडमिट होऊन गाठ साफ करायची आणि आतला तुकडा तपासायचा, असं ठरलं. मी उठलो तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

“मिसेसनाही तपासावं लागेल. असं पसरणं क्वचित होतं, पण मूल नाही म्हणताय, तर बघायला हवं. त्यांना कारण सांगावं लागेल. मी सांगू की तुम्ही?”

“मी सांगतो.”

“कधी?”

मी दार उघडून बाहेर आलो. सुनंदानं पाण्याची बाटली पुढं केली. काय म्हणाल्या, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, अ‍ॅडमिट व्हायचंय. तेवढंच.

दोन आठवडे मी रोज सांगायचं ठरवून उठलो आणि न सांगता झोपलो. मला माझ्या आजाराची भीती नव्हती असं नाही. पण मोठी भीती ही होती की मी तिलाही दिलं असेल तर. आणि त्याहून मोठी, की सांगितल्यावर ती राहील का.

पुरुष वॉर्ड

वॉर्डात सकाळी सहाला चहा, मग तापमान, मग सिस्टर ड्रेसिंगची गाडी ढकलत येणार. त्या चाकांचा आवाज आला की माझे पाय आपोआप जवळ यायचे. सिस्टर केरळच्या, तरुण. पहिल्या दिवशी मी चादर सोडेना. त्या हिंदीत म्हणाल्या, “अंकल, मैं जखम देखती हूँ, आपको नहीं.” ते वाक्य मी विसरणार नाही. त्यानंतर चादर मी स्वतःच बाजूला करायला लागलो.

शेजारच्या खाटेवर समुद्राकाठच्या तारोडीचे जोसेफकाका होते. सत्तरीचे, आयुष्यभर होडीवर गेलेले, आता मूतखड्यासाठी आलेले. त्यांनी पहिल्याच दुपारी विचारलं, “तुला काय झालाय?”

“गाठ आहे.”

“कुठं?”

मी नजरेनंच खाली दाखवलं.

“मग तोंड कशाला लपवतस? तोंडाला काय झाला न्हाय तुज्या.”

आख्खा वॉर्ड हसला. मीही हसलो. जखम होती, त्यामुळे दुखलंही.

तारीख

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशी, भेटायच्या वेळेत, सुनंदा मऊ भात आणि मुगाचं वरण घेऊन आली. तो जुना रिपोर्ट मी अ‍ॅडमिट होताना पिशवीत टाकला होता. तिनं डबा उघडायच्या आत तो तिच्या हातात दिला. बोलून सांगण्याची हिंमत मला नव्हती. कागदामागे लपलो, हेही कबूल करतो.

कुठलाही कागद हातात आला की ती आधी तारीख बघते. शाळेतली सवय. तिनं तारीख बघितली, मग माझं नाव बघितलं, मग खालपर्यंत वाचलं. सगळं तिला कळलं नसेल, पण एवढी वर्षं तिनंही असले कागद बघितले होते.

“हा नॉर्मल नाहीये,” ती म्हणाली.

“नाही.”

“माझी दुर्बीण झाली त्याच्या चार महिने आधीचा आहे.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं.”

मी मान हलवली. मग सगळं सांगितलं. फळी, कात्री, गोळ्या, आणि आता तिलाही तपासावं लागेल हे. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं रिपोर्टाची घडी होती तशीच घातली, पर्समध्ये ठेवली आणि डबा उघडून माझ्यापुढं सरकवला.

“जेवून घ्या. गोळ्या असतील,” म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भेटायच्या वेळेत मी दाराकडे बघत राहायचो. जोसेफकाकांची बायको, मेरीबाय, बोंबलाचं कालवण आणायची. तिनं न विचारता एक वाटी माझ्या टेबलावर ठेवली. काका म्हणाले, “खा. बायको येल नायतर न्हाय, पन आता पोट हाय ना.” मी खाल्लं. रडत खाल्लं म्हटलं तर चालेल.

भिंगाखाली

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी देसाई मॅडमनी मला लॅबमध्ये बोलावलं. झटपट तपासणीत टीबी पक्का झाला होता आणि मुख्य औषध लागू पडेल एवढं कळलं होतं. माझ्या त्या गोळीचं आणि बाकीच्या औषधांचं मात्र जंतू वाढवून बघावं लागणार होतं. त्याला सहा आठवडे.

“एवढे का?” मी विचारलं.

“साधे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हा जवळजवळ एक दिवस घेतो. याला घाई नसते.” मग म्हणाल्या, “बघायचाय?”

बावीस वर्षं मी जंतूंवरची औषधं विकली. जंतू एकदाही बघितला नव्हता. डोळा लावला. आधी नुसतं निळं दिसलं, उथळ पाण्यासारखं. त्यांनी चाक फिरवलं आणि त्या निळ्यात लाल रेघा उमटल्या. बारीक, किंचित वाकलेल्या. दोन एकमेकींना टेकलेल्या, एक एकटीच. कुणीतरी लाल पेन्सिलीनं अगदी हलक्या हातानं ओढाव्यात तशा. एवढंसं हे. यानं माझ्या पट्ट्याचं भोक बदललं होतं. माझं घर बदललं होतं. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी बघतच राहिलो.

मी मॅडमना जुन्या रिपोर्टचं सांगितलं, पस सेल्स आणि हालचाल नसलेले शुक्राणू. त्यांनी खुर्ची ओढली. शुक्राणू तयार होतो तेव्हा त्याला पोहता येत नाही, त्या म्हणाल्या. अंडकोशाच्या वरच्या बाजूला एक नळी असते, करंगळीएवढ्या जागेत गुंडाळलेली. ती सरळ केली तर या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन परत येईल. त्या नळीतून जायला शुक्राणूला दहा-बारा दिवस लागतात आणि त्या वाटेवर तो पोहण्याजोगा होतो. वाटेत नळीच्या भिंतीतून वेगवेगळी द्रव्यं झिरपून त्याच्या अंगावर बसतात. त्यातलं एक असं आहे की ते जंतूंना मारतं, आणि तेच शुक्राणूला पोहण्याची ताकदही देतं.

“तेच?” मी विचारलं.

“तेच. राखणही तेच करतं आणि पोहायलाही तेच लावतं. ते कमी पडलं की दोन्ही एकदम बिघडतं. पू वाढतो आणि हालचाल थांबते. तुमच्या बाबतीत टीबीनं नळीच खराब केली होती, त्यामुळे नेमकं काय किती बिघडलं ते मी सांगू शकत नाही. पण तुमच्या रिपोर्टातल्या त्या दोन ओळी वेगळ्या नव्हत्या. एकच गोष्ट होती.”

मी खाटेवर परत आलो आणि छताकडे बघत पडलो. आपल्या अंगात इतक्या आत, कुणी न सांगता, एवढी कामं चाललेली असतात. ज्या अंगाची मला लाज वाटत होती, जे मी कापसाच्या बोळ्याखाली दडपत होतो, तिथं राखणदार उभे होते. वर्षानुवर्षं लढत होते. आणि मी बाहेरून मधूनमधून तीन दिवसांच्या गोळ्या टाकून त्यांच्या लढाईचा विचका करत होतो. जोसेफकाकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “माशाला पन कोन शिकवत असल काय रं?”

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, तुमच्या मिसेस लॅबमध्ये आहेत. मी टाके सांभाळत गेलो. सुनंदा एकटीच आली होती, तिची तपासणी करून झाली होती. मला बघून तिनं मान वळवली. मॅडमनी तिलाही विचारलं, बघायचाय का. तिनं पर्स माझ्या हातात न देता स्टुलावर ठेवली आणि भिंगाला डोळा लावला. मी बघितलं होतं त्याहून खूप वेळ ती बघत होती.

“याला काय म्हणायचं,” ती शेवटी म्हणाली. “हा मुका आहे. हा कुठं बोलू शकत होता.”

मॅडम टेबलावरचे कागद आवरायला लागल्या. मी तिथंच उभा राहिलो. मला मिळालेली सगळ्यात मोठी शिक्षा तीच आहे, आणि ती बरोबर होती.

अक्का

घरी आलो. औषधं सुरू झाली. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा ओरडणार होतो, मग आठवलं की हे मीच लोकांना समजावून सांगत आलोय. सुनंदा जेवायला वाढायची, कपडे धुवायची, कामापुरतं बोलायची. वंदना मात्र ती मी आंघोळीला गेलो की एकटीच म्हणून घ्यायची. बाथरूमच्या दारातून मला तिचा आवाज यायचा. पाण्याचा नळ बंद करून मी ऐकायचो.

तिसऱ्या आठवड्यात अक्काचा फोन आला. धाकट्या मुलीला मुलगी झाली होती, रविवारी हॉलमध्ये नामकरण. सुनंदा भाजी निवडत होती. तिनं वर न बघता सांगितलं, “मी येईन. पण अक्कांना तुम्ही सांगायचं. त्यांनी जिथं मला सांगितलं, तिथंच.”

त्या रविवारी आम्ही दोघं हॉलवर गेलो. बायका पाळण्याभोवती जमल्या. सुनंदा मुद्दाम मागच्या रांगेत खुर्चीवर बसली. मी पुढं गेलो.

“अक्का, जरा थांब.”

“काय रे, पेढे कमी पडले का?”

“अक्का, मूल झालं नाही ते माझ्यामुळे. सुनंदाचं काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. मला अकरा वर्षांपासून माहीत होतं आणि मी बोललो नाही.”

पाळणा हलायचा थांबला. कुणीतरी खुर्ची सरकवली. अक्कानं माझा दंड धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, “अरे, हे काय इथं सांगायचं असतं? चारचौघांत?”

“तू पण चारचौघांतच म्हणाली होतीस, अक्का. मागं बस म्हणून.”

तिला आठवलं. चेहऱ्यावरून दिसलं. तिनं माझा दंड सोडला. सात-आठ पावलं असतील, पण अक्काचे गुडघे दुखतात, त्यामुळे सुनंदाच्या खुर्चीपर्यंत जायला तिला वेळ लागला. माफी मागितली नाही. आमच्या अक्काला ते येत नाही. ती एवढंच म्हणाली, “उठ गं. सगळ्या तुझ्यासाठी खोळंबल्यात.”

सुनंदा बसूनच राहिली. मला वाटलं, नाही उठणार, आणि न उठण्याचा तिला हक्क आहे. मग ती उठली, पाळण्याशी गेली, दोरी दोनदा ओढली आणि शेजारच्या बाईच्या हातात दिली. बाळाकडे बघून हसली. माझ्याकडे बघितलं नाही.

हिरव्या उतारावर

सहा आठवड्यांनी मॅडमनी एक छोटी बाटली उजेडात धरली. आत हिरवट रंगाचा घट्ट उतार आणि त्यावर चपातीच्या चुऱ्यासारखे पिवळसर कण. हा माझा जंतू. रोज एकाचे दोन करत, कुणाची वाट न बघता, तो इथवर आला होता. अकरा वर्षं गप्प बसायला मी त्याच्याकडून शिकलो की तो माझ्याकडून, असं तेव्हा मनात आलं.

मुख्य औषधं त्याला लागू होती. फक्त माझ्या त्या एका गोळीला तो जुमानत नव्हता. मीच सरावायला लावलेलं. सुदैव एवढंच की ती गोळी माझ्या कोर्समध्ये नव्हती. पण उद्या कधी लागली असती तर तो दरवाजा मी स्वतः बंद केलेला आहे. आणि सुनंदाच्या तपासणीत काही नव्हतं. मॅडमनी ते वाचून दाखवलं तेव्हा तिनं डोळे मिटले. मी भिंतीला टेकलो.

मुलासाठी आता काय करता येईल तेही मॅडमनी सांगितलं. सुनंदा नीट ऐकून म्हणाली, ती बेचाळीसची आहे आणि सुया तिच्या पुऱ्या झाल्यात. ती वर्षं मी तिच्याकडून घेतली. ती परत देता येत नाहीत. यापुढं कुणी मला माफ केलं तरी हे तसंच राहणार आहे.

दुकानात परत उभा राहिलो त्या दिवशी कात्री घरी आणली. सुनंदा त्या कात्रीनं दुधाच्या पिशव्या कापते. गिऱ्हाईक अजूनही येतं, “तीन दिन का दे दो.” मी म्हणतो, पूरा लेना पड़ेगा, और चिठ्ठी दिखाओ. काहीजण भांडून पुढच्या मेडिकलमध्ये जातात. जिग्नेशभाई म्हणतात, “डॉक्टर, तुम तो सच में डॉक्टर बन गये.” मी त्यांना म्हणतो, पेशंट बनलो, तेवढं पुरे.

कोर्स संपत आला होता तेव्हाची एक सकाळ. मी आंघोळ करून बाहेर आलो तर सुनंदा समोर बसलेली होती, मेणबत्ती लावलेली, वंदना सुरू केलेली नव्हती. मी काही न विचारता मागे बसलो. ती म्हणू लागली, मी मागून म्हणू लागलो. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं तिनं म्हटलं आणि माझा आवाज घशातच अडकला. जुनी सवय. ओठ हलले, बाकी काही नाही.

तिनं पाचवं सुरू केलं नाही. मागं वळूनही बघितलं नाही. मेणबत्तीकडे तोंड करून ती तशीच ताठ बसून राहिली. बाहेर कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. शाळेची वेळ होत होती.

मी चौथं म्हटलं. आवाज फाटका आला, पण आला. माझा शेवटचा शब्द पूर्ण होईपर्यंत ती थांबली. मग तिनं पाचवं सुरू केलं.